शेवटच्या खांबावरचं घर

बोडीटोला, ता. सिंदेवाही
८ एप्रिल

रुपाबाई,

पत्र पाहून तुला राग येईल. फाडण्याआधी एवढं वाच की घरात कोणी गेलेलं नाही, आणि तुला घरी बोलवायला मी हे लिहीत नाही. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, तो तसाच असू दे. पत्ता आपल्या गावच्या रिनाकडून घेतला. ती चंद्रपूरला ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये कामाला जाते, तिनेच सांगितलं की तू जवळच दुर्गापूरला राहतेस. तिला बोलू नकोस. मी फार मागे लागलो होतो.

काम असं आहे. आपल्या गावाचे विजेचे खांब बदलणार आहेत. जुन्या तारा काढून नव्या टाकणार आहेत. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलं आहे, "गावाची वीज काही दिवस बंद राहील." काही म्हणजे किती आणि कोणते, हे कोणी सांगत नाही. सरपंचाला विचारलं तर चारचौघांत म्हणाला, "आदेश, तुले का कारखाना चालवाचा हाये का? जाईन तवा जाईन, येईन तवा येईन." लोक हसले. मीही हसलो.

पण मला दिवस नक्की कळायला हवेत. बाबांची छाती तुला माहीत होती त्याहून फार बिघडली आहे. राइस मिलच्या कामातली धूळ, असं डॉक्टर म्हणतात. दिवाळीपासून ते तळ्यावर जात नाहीत, जाळं मीच टाकतो. घरात ऑक्सिजनची मशीन आणली आहे. ती भिंतीच्या प्लगवर चालते आणि तिची नळी बाबांच्या नाकात असते. मशीन चालू असली की बाबा बोलतात, चिडतात, भाजीत मीठ नाही म्हणतात. लाइन गेली की मशीन शिटीसारखी ओरडते, आणि मग बाबा काही म्हणत नाहीत. नुसतं श्वास घेण्याचं काम करत राहतात. एक छोटा सिलिंडर आहे, पण तो दवाखान्यात पोचेपर्यंतच पुरतो.

मार्चमध्ये वादळात लाइन गेली तेव्हा आम्ही त्यांना ऑटोत घालून सिंदेवाहीला नेलं. वाटेत सागाचं झाड आडवं पडलं होतं. मी आणि ऑटोवाला फांद्या ओढत होतो आणि माय ऑटोत पदराने वारा घालत होती. तेव्हापासून आभाळ भरून आलं की मी आधी सिलिंडर पाहतो.

रिना म्हणाली की या कामावर ठेकेदाराची जी गॅंग येणार आहे, तिच्यात तुझा नागसेन आहे. त्याला विचारून लाइन कोणत्या दिवशी बंद राहणार एवढं कळवशील का? त्याने आपल्या घरी यायची गरज नाही. तसं मी सुचवतही नाही. तुमच्या जातीबाहेरच्या लग्नावर बाबांचा राग तुला माहीत आहे.

माय बरी आहे. सध्या पहाटे मोहफुलं वेचायला जाते. वाघाचं भय आहे म्हणून चार-पाच जणी मिळून जातात. शेजारच्या गुणाबाई आजकाल रोज आपल्याकडे येऊन बसतात.

चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि पहिलं पत्र लिहिलं ते कामापुरतं. हे मला कळतं.

तुझा भाऊ,
आदेश


१७ एप्रिल

रुपाबाई,

तुझं उत्तर आलं नाही, पण निरोप पोचला. काल मी तळ्याच्या पाळीवर जाळं वाळत घालत होतो. नागसेनभाऊ खालून आले. डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं, म्हणून आधी ओळखलं नाही.

"तू आदेश ना?" ते म्हणाले. "रुपानं तुही चिठ्ठी दाखवली."

"काय म्हणाली?"

"काई नाई म्हटलं. वाचली, माह्यापुढं ठेवली, अन् भाकरी थापाले बसली."

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. काम सोमवारी सुरू होणार. लाइन सकाळी बंद करणार आणि अंधार पडायच्या आत देणार. आपलं घर शेवटच्या खांबावर आहे, त्यामुळे आपला खांब शेवटी घेणार. मी त्यांना बाबांच्या मशीनचं सांगितलं.

"जनरेटर आणून राह्यला का?" त्यांनी विचारलं.

"वडस्याहून आणतो आहे."

"मंग एक गोष्ट ध्यानात ठेव. घराचा मेन स्विच पाडल्याबिगर जनरेटर चालू नोको करू. मेन चालू राह्यला तं तुह्या घरातला करंट उलटा बाहेर निंघते, तारेवर येते. अन् तारेवर आमी असतो."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. खरोखर माहीत होतं.

"तुमची वायरिंग जुनी हाये. म्हणत असशीन तं येऊन पाहून देतो एकडाव."

मी म्हणालो, सांगतो. त्यांनी जाळ्याचा कोपरा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "जाळं चांगलं विणलं हाये," आणि गेले. रुपाबाई, ते जाळं बाबांनी विणलेलं आहे. हे मी त्यांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं, माहीत नाही.

जनरेटर मिथुनकडून मिळाला. मिथुन म्हणजे माझ्या वर्गातला, तो आता वडस्याला एका नाटक मंडळीत लाइटिंगचं काम करतो. मंडईच्या नाटकांचे दिवस संपले की त्यांचं सामान गोदामात पडून असतं. जनरेटर टेम्पोत चढवताना मिथुन त्याच्यावर थाप मारून म्हणाला, "याच्या उजेडात किती खून झाले, किती बाया विधवा झाल्या, मोजता येत नाई गड्या. आता म्हातारपणी एखाद्याचा जीव वाचवू दे त्याले." वायर जोडायची त्यानेही तेच सांगितलं, आधी मेन पाडायचा.

घराची तयारी जवळजवळ झाली. नळयोजनेचा पंप चालणार नाही म्हणून दोन्ही ड्रम आणि मोठं गंज-पातेलं भरून ठेवलं. चक्की बंद राहील म्हणून दळण आधीच आणलं. बर्फ मिळणार नाही, त्यामुळे त्या दिवसांत सकाळी निघेल तेवढीच मासळी विकायची असं ठरवलं. मशीनच्या बाटलीतलं पाणी उकळून गार करून ठेवलं. बाबांच्या खिडकीला पोतं ठोकलं आहे, ते ओलं ठेवलं की खोली गार राहते. सिलिंडर भरून आणला. जनरेटरचा धूर आणि आवाज नको म्हणून तो गोठ्याच्या मागे ठेवला. तिथून एक लांब वायर आणून भिंतीच्या प्लगमध्ये घालायची, म्हणजे मशीनबरोबर बाबांचा पंखाही चालेल. मिथुन म्हणत होता की मशीनची पिन सरळ जनरेटरला लाव. पण पंख्याशिवाय बाबा घामाने हैराण होतात. मी सगळ्याचा विचार केला आहे.

माय म्हणते, "लग्नघरी बी येवढी तयारी नसते." बाबा खाटेवरून सगळं पाहतात. काल म्हणाले, "मले कुठी अंतराळात पाठवून राह्यला का रे?"

नागसेनभाऊंना माझे आभार सांग. घरी येऊन पाहायची गरज पडणार नाही, हेही सांग. तू समजशील.

तुझा,
आदेश


२३ एप्रिल

रुपाबाई,

नागसेनभाऊ करंट लागून खांबावरून पडल्याचं तुला माझ्या आधीच कळलं आहे. मी चंद्रपूरला दवाखान्यात आलो नाही. गॅंगच्या माणसाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, कमरेचं हाड मोडलं आहे आणि उजव्या हाताचं अजून सांगता येत नाही. हाताला काय होईल असं डॉक्टर म्हणतात? कोणाकडून तरी कळव. तुझ्या हाताने लिहिलं नाहीस तरी चालेल.

हे कसं झालं याबद्दल गावात वेगवेगळं बोलतात. कोणी म्हणतं सबस्टेशनवरून चुकून लाइन चालू झाली. कोणी म्हणतं कोणाच्या तरी घरी इन्व्हर्टर असेल. ठेकेदाराचा माणूस सांगत फिरतो की चूक लाइनमनचीच आहे, चुकून आलेला करंट जमिनीत उतरवणारी शॉर्टिंगची साखळी त्याने तारांवर टाकली नाही. पण गॅंगमधली पोरं म्हणतात की साखळी ठेकेदाराने दिलीच नव्हती. म्हणूनच नागसेनभाऊ चढण्याआधी घरोघरी जाऊन विचारत होते.

आपल्याकडेही आले होते. त्यांना मी मेन पाडला असल्याचं सांगितलं. बाबांमुळे त्यांना आत घेता आलं नाही, नाहीतर पाणी तरी दिलं असतं.

बाबांची तब्येत ठीक आहे. त्या दिवशी त्यांना श्वासाचा त्रास झाला नाही.



आदेश


२ मे

रुपाबाई,

तुझं कार्ड आज आलं. त्यात एवढंच आहे, "चौकशी ८ तारखेला आहे. ते घराचं नाव घेणार नाही म्हणतात. तुला तोंड आहे."

पोस्टमनने ते मायच्या हातात दिलं. तिला वाचता येत नाही. तिने विचारलं, "रुपाचं हाये ना? का लिवलं?" मी म्हणालो, "खुशाल आहे." माय कार्ड उलटसुलट करून पाहत राहिली आणि मग म्हणाली, "येवढ्या लहान अक्षरात येवढंच?"

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की त्यांना मी मेन पाडला असल्याचं सांगितलं. ते खरं आहे. सांगितलं होतं. पाडला नव्हता.

आता जसं झालं तसं लिहितो.

पहिले दोन दिवस सगळं बरोबर चाललं. लाइन जायच्या आधी मी मेन पाडायचो, वायर लावायचो, जनरेटर सुरू करायचो. संध्याकाळी लाइन आली की उलट्या क्रमाने सगळं करायचो. दुसऱ्या दिवशी बाबांनी जनरेटरच्या लाइटवर पेपर वाचला. माझी छाती इतकी फुगली होती की मी गुणाबाईंना बोलावून सगळी व्यवस्था दाखवली.

तिसऱ्या दिवशी आपला खांब होता. सकाळी मी अंगण झाडत होतो. लाइन अजून गेली नव्हती, मेन चालू होता. नागसेनभाऊ कुंपणाच्या फाटकाशी आले आणि तिथूनच म्हणाले, "आदेश, आता बंद करून राह्यलो. तुमच्या खांबावर मीच चढतो. मेन पाडला का?"

मी म्हणालो, "हो."

"हो" एवढ्याचसाठी म्हणालो की मी लगेच आत जाऊन पाडणारच होतो. त्यांनी जावं असं मला वाटत होतं. पण ते गेले नाहीत. फाटक सरकवून एक पाऊल आत आले आणि म्हणाले, "माह्या डोळ्यानं पाहून घेतो. दोन मिनटं."

मी आडवा आलो, रुपाबाई. हातात झाडू होता, तो तसाच धरून त्यांच्यासमोर उभा राहिलो. म्हणालो, "नको भाऊ. बाबा झोपले आहेत. मी पाडला आहे ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग घराच्या दाराकडे पाहिलं. मी त्यांना का अडवलं हे त्यांना नीट समजलं, आणि समजल्याचं त्यांनी दाखवलं नाही. "ठीक हाये," म्हणाले आणि मागे सरकले. फाटकही स्वतःच लावून घेतलं.

मी आत गेलो तेवढ्यात लाइन गेली. मशीन ओरडायला लागली. बाबा उठून बसायला धडपडत होते, त्यांची नळी निघाली होती. मायने त्यांना धरलं. मी नळी लावली, वायर प्लगमध्ये घातली, पळत गोठ्यामागे गेलो, दोरी ओढली. जनरेटर पहिल्याच झटक्यात सुरू झाला. आत आलो तर पंखा फिरत होता, मशीन चालू होती आणि बाबांचे खांदे हळूहळू खाली येत होते. मला इतकं बरं वाटलं की मी मायकडे पाहून हसलो.

थोड्या वेळाने शेजारून गुणाबाईंचा आवाज आला, "आदेश! लाइन आली का रे? माहा पंखा फिरून राह्यला!"

त्यांच्याकडे जनरेटर नाही. त्यांची आणि आपली वायर एकाच खांबावरून येते.

मी मेनकडे धावलो, तेवढ्यात बाहेर कोणीतरी ओरडलं. पुढचं तुला माहीत आहे. त्यांना गाडीत घालताना मी पाय धरले होते. ते शुद्धीवर होते. माझ्याकडे पाहून त्यांनी फक्त विचारलं, "म्हाताऱ्याची मशीन चालू हाये ना?"

गुणाबाईंना सगळं कळलं आहे. परवा त्या मोह वाळत घालता घालता म्हणाल्या, "मी कोणाले काई सांगत नाई. तू बी नोको सांगू. पोलीस येतीन, लाइन तोडतीन, मंग तुह्या बाबाची मशीन कायच्यावर चालवशीन?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. मी रोज तेच स्वतःला सांगतो. बाबांचा श्वास त्या प्लगवर आहे. मी बोललो आणि कनेक्शन कापलं तर बाबांचं काय? आणि बोललो नाही तर नागसेनभाऊंवर चूक राहील, ठेकेदार उपचाराच्या खर्चाला हात लावणार नाही आणि त्यांना पुन्हा कामावर कोणी घेणार नाही. हे मला गॅंगच्या पोरांनी सांगितलं.

८ तारखेपर्यंत मला विचार करू दे. असं लिहायलाही लाज वाटते. यात विचार करण्यासारखं काय आहे, असं तू म्हणशील.

आदेश


९ मे

रुपाबाई,

काल ग्रामपंचायतीत चौकशी झाली. वीज कंपनीचे मोठे साहेब आले होते, चष्मा लावलेले, पुस्तकातली मराठी बोलणारे. ठेकेदाराचा माणूस त्यांच्या बाजूलाच बसला होता. अर्धा गाव दारात आणि खिडक्यांत होता.

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "साहेब, सरळ केस आहे. लाइनमननं काळजी घेतली नाई."

साहेबांनी विचारलं, "गावात त्या दिवशी कोणाकडे जनरेटर चालू होता?"

सरपंच पंख्याकडे पाहत होता. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. सगळा गाव गप्प बसला आणि तो माझ्यासाठी गप्प बसला, हे मला दिसत होतं. कोणाच्या मनात दुष्टावा नव्हता. बाबांना सगळे ओळखतात. साहेब कागद मिटायला लागले तेव्हा मी म्हणालो, "आमच्याकडे."

मला पुढे बोलावलं. मी सगळं सांगितलं.

"लाइनमनने तुम्हाला मेनबद्दल विचारलं होतं?"

"विचारलं होतं. मी पाडला म्हणून सांगितलं. चालू होता."

ठेकेदाराचा माणूस मध्येच उसळला, "म्हणजे तपासलं तर नाईच ना त्यानं! याच्या तोंडावर विश्वास ठेवून चढला!"

"तो तपासायला येत होता," मी म्हणालो. "मी घरात येऊ दिलं नाही."

"का?" साहेबांनी विचारलं.

त्यांना पुन्हा विचारावं लागलं.

"तो आमचा जावई आहे, म्हणून."

साहेबांना काही कळेना. त्यांनी लिहिणं थांबवलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "जावई आहे, म्हणून घरात येऊ दिलं नाही?"

"हो."

"मला समजलं नाही. जावई आहे तर..."

त्यांना कोणीच समजावून सांगितलं नाही. खोलीत त्यांच्याशिवाय एकही माणूस असा नव्हता की ज्याला ते समजावून सांगावं लागलं असतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेवटी साहेबांनी मी बोललो तसंच लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि माझी सही घेतली. वाचून दाखवताना ते वाक्य मला पुन्हा एकदा ऐकावं लागलं.

जाताना ते म्हणाले की नागसेन यांनी आपल्याकडून शक्य तेवढी खबरदारी घेतली होती, असं ते अहवालात लिहिणार. साखळी का दिली नाही, याचा जाबही ठेकेदाराला द्यावा लागेल. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. ही बातमी तुला आधी द्यायला हवी होती, मी तिला इतकं मागे ठेवलं. माझ्यावर पोलीस केस होईल. जनरेटर ते घेऊन गेले. मिथुनने फोनवर मला आईवरून शिव्या दिल्या आणि मग विचारलं की बाबांचं आता कसं करणार.

आता जे मी आतापर्यंत लिहिलं नाही ते लिहितो. गुणाबाई रोज आपल्याकडे का यायच्या, हे तू ओळखलंच असशील. त्यांची भाची उर्वशी पाथरीची आहे, तिचं माझ्यासाठी बोलणं चाललं होतं. तिकडच्या लोकांनी विचारलं होतं, घरात आणखी कोण. मी म्हणालो होतो, आम्ही तिघंच. त्या दिवशी नागसेनभाऊ फाटकाशी आले तेव्हा गुणाबाई त्यांच्या अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या आणि इकडेच पाहत होत्या. मी झाडू घेऊन आडवा आलो तो त्यांच्या नजरेसाठी. ते बोलणं आता मोडलं. काल संध्याकाळी गुणाबाई येऊन सांगून गेल्या. रागाने नाही बोलल्या. "मीच लपवलं असतं रे," म्हणाल्या, "पण तू तं साहेबापुढं जावई म्हटलं."

हे सगळं बाबांना सांगणं बाकी होतं. सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते मशीनकडे पाहत पडून राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी जागाच होतो."

मी त्यांच्या खाटेशी बसलो.

"अंगणात कोणीतरी बोललं. तू त्याले भाऊ म्हटलं, तवा समजलो का तो आला." मध्ये त्यांना दम लागला, थांबले. "तुह्या मायले म्हटलं, मले उठव, सदरा दे. जवाई आत येऊन राह्यला अन् मी बनियनवर."

माय दारात उभी होती. ती म्हणाली, "सदरा हातातच होता माह्या. बटन लावाच्या आत तो गेला बी. मंग लाइन गेली."

बाबा उठून बसायला धडपडत होते ते त्यासाठी. नळी निघाली ती त्यासाठी.

मी म्हणालो, "बाबा, तुम्हीच म्हणाला होता ना, तिचं नाव घेऊ नका."

"म्हटलो होतो. चार वर्सं झाली. त्याच्यानंतर तुवं मले एकडाव तरी विचारलं का?"

नाही विचारलं. रुपाबाई, मी कधीच विचारलं नाही. बाबांचा तो राग मला सोयीचा होता. तो घरात जसाच्या तसा ठेवला की मला स्वतः काही ठरवावं लागत नव्हतं. तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्रात मी त्यांना पुढे केलं आहे. तू सगळी पत्रं ठेवली असशील तर जिथे जिथे बाबांमुळे असं लिहिलं आहे तिथे माझं नाव वाच.

आता पुढचं. आपल्या खांबाचं काम अर्धवट राहिलं आहे. २० तारखेपासून लाइन पुन्हा बंद राहणार. या वेळी फळ्यावर तारखा लिहिल्या आहेत. जनरेटर नाही आणि मला दुसरा आणायचा नाही. दवाखान्यात मी विचारून आलो, बाबांना तेवढे दिवस भरती करून घेतो म्हणाले. सिलिंडर भरला, ऑटोवाल्याला सांगितलं, त्यांची पथारी बांधायला काढली. एवढं सगळं झाल्यावर काल जेवताना बाबा म्हणाले, "सिंदेवाहीले कायले? चंद्रपूरले ने. जवायाले पाहाचं हाये."

मी म्हणालो, इतका लांबचा प्रवास तुम्हाला झेपणार नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले की भरलेला मोठा सिलिंडर सोबत असेल तर नेता येईल. आता मला सांगायला काही कारण उरलं नाही. माय सकाळपासून मोहाचे लाडू करते आहे. तिला कोणी सांगितलंही नाही.

नागसेनभाऊंना भेटायला बाबा वर वॉर्डात जातील, मी खाली थांबेन. त्यांच्या समोर यायचं की नाही हे त्यांनी ठरवावं, तू ठरवावंस. ते नको म्हणाले तर मी वर येणार नाही.

पण दिवसभर बाबांना दवाखान्यात बसवता येणार नाही आणि रात्री मशीन लावावीच लागते. दुर्गापूरला लाइन जात नाही असं रिना सांगते. तुझी खोली लहान आहे हे मला माहीत आहे. माय खाली झोपेल, बाबांना खाट नसली तरी चालते, भिंतीला टेकून बसायला जागा हवी. मी बाहेर कुठेही राहीन, माझा विचार करू नकोस.

मशीनची वायर आखूड आहे, तिला लांब वायर जोडायची माझी हिंमत होत नाही. तेव्हा भिंतीजवळ खाली एक प्लग रिकामा आहे का, तेवढं कळव.

आदेश